रंग दिला की भिंत वाकते: मॉडेल रेल्वेच्या छोट्या घरांची दर पावसाळ्यातली अडचण

रात्री झोपण्यापूर्वी रंगाचा पहिला हात देऊन भिंत टेबलावर ठेवली. सकाळी पाहिलं तर वरची आणि खालची कड उचललेली, मध्य तेवढा टेबलाला टेकलेला. सपाट भिंतीची पन्हळ झालेली. मॉडेल रेल्वेच्या लेआउटसाठी, म्हणजे रूळ-घरं-झाडांच्या छोट्या देखाव्यासाठी, लेझरने कापलेली लाकडी घरं जोडणाऱ्या कुणालाही विचारा, हा अनुभव त्याच्याकडे असतोच. त्यात आपल्याकडचा जुलै म्हणजे हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास. मी डोंबिवलीत राहतो आणि एचओ स्केलमध्ये, म्हणजे १:८७ प्रमाणात, एक छोटं लेआउट बांधतोय. त्यातली पहिली तीन घरं याच एका कारणाने वाया गेली. चौथ्या घरापासून भिंत वाकणं थांबलं. मधल्या काळात जे समजलं ते सविस्तर लिहितोय, कारण या अडचणीवर सगळीकडे एकच सल्ला मिळतो: वजन ठेवा, सरळ होईल. तो सल्ला अर्धा आहे. वजन काढलं की आठवड्याभरात तीच भिंत पुन्हा वाकते.

दोन मिलिमीटरने काय बिघडतं, असं नव्याने सुरुवात करणाऱ्याला वाटतं. एचओमध्ये दोन मिलिमीटर म्हणजे खऱ्या घराच्या भिंतीला जवळपास साडेसतरा सेंटीमीटरचं पोट. एन स्केलमध्ये, १:१६० ला, तेच ३२ सेंटीमीटर होतं. एवढं पोट सुटलेली भिंत गावात दिसली तर आपण मुलांना तिच्याजवळ खेळू देणार नाही. शिवाय कोपरे जुळत नाहीत, छप्पर एका बाजूला अधांतरी राहतं, आणि आत दिवा लावला की कोपऱ्यातून उजेडाची उभी रेघ बाहेर पडते. पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम १९९८ पासून आहे. तिथे अंधार करून घरांच्या खिडक्या उजळतात तो क्षण मी लहानपणी पाहिला आणि या छंदात पडलो. उजेड फक्त खिडकीतूनच यायला हवा, हे तेव्हापासून डोक्यात बसलंय.

आधी वाक कोणत्या जातीचा आहे ते पाहा

भिंत एखाद्या खात्रीच्या सपाट पृष्ठभागावर ठेवा. माझ्याकडे स्वयंपाकघराचा ओटा केला तेव्हा उरलेला कडाप्प्याचा तुकडा आहे. त्यावर स्टीलची पट्टी उभी धरून खालून उजेड दिसत नाही एवढं तपासून घेतलं की तो तुकडा आयुष्यभर पुरतो. जाड काचही चालेल. टेबलाच्या सनमायक्यावर विश्वास ठेवू नका, तो बहुधा सपाट नसतो.

भिंत पन्हळीसारखी एकाच दिशेने वाकली असेल तर ते खरं लाकूड आहे आणि त्याने पाणी घेतलंय. चारही कोपरे वर आणि मध्य खाली, परातीसारखा आकार असेल तर बहुतेक एमडीएफ (लाकडाचा भुगा गोंदात दाबून केलेली फळी) किंवा पुठ्ठा. एक कोपरा वर आणि त्याच्या तिरक्या समोरचा कोपराही वर, म्हणजे भिंतीला पीळ पडला असेल, आणि भिंत प्लॅस्टिकची असेल तर पाण्याचा काही संबंध नाही. तिथे उष्णता किंवा प्लॅस्टिक विरघळवून चिकटवणारं द्रावण हे कारण आहे. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. लाकडाचा उपाय प्लॅस्टिकवर केला तर निदान नुकसान होत नाही. प्लॅस्टिकचा उपाय, म्हणजे गरम पाणी, लाकडाच्या भिंतीवर केला तर ती भिंत गेलीच म्हणून समजा.

लाकूड का वाकतं

ही गोष्ट मला कळली ती आमच्या घरी कपाटं होत होती तेव्हा. मेस्त्री एका शटरला बाहेरून सनमायका लावून झाल्यावर आतल्या बाजूलाही सनमायक्याचाच पातळ पांढरा पत्रा चिकटवत होते. आतून कपाट कोण बघणार, मग हा खर्च कशाला, असं मी विचारलं. ते म्हणाले, "दादा, एका अंगाला मारला की दुसऱ्या अंगाला पण मारायलाच लागतो. नायतर शटर ओढून घेतं." मी हातातला चहा तिथेच ठेवला आणि माझी वाकलेली भिंत आणून त्यांना दाखवली. त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि आतली कोरी बाजू माझ्यापुढे धरली.

तोवर मी आतल्या बाजूला कधी रंगच दिला नव्हता. दिसत नाही म्हणून.

लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची मोळी. पाणी प्यालं की नळ्या जाडीला फुगतात, लांबीला जवळपास नाही. नळ्या ज्या दिशेने धावतात त्या लाकडावरच्या रेषा. म्हणून लाकूड वाढतं ते रेषांच्या आडव्या दिशेला. परदेशी लाकडी किटमध्ये, म्हणजे सुटे भाग जोडून घर करायच्या संचात, बहुतेक बासवुड नावाचं लाकूड वापरतात. ते ओलं असल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत रेषांच्या आडवं सुमारे ९ टक्के आकसतं, आणि रेषांच्या दिशेने अर्धा टक्काही नाही. आपलं दार पावसाळ्यात चौकटीत अडकतं ते रुंदीला फुगून. उंचीला ते कधी अडकत नाही. कारण तेच.

पाण्यात मिसळलेला अ‍ॅक्रिलिक रंग भिंतीच्या एका बाजूला दिला की त्या बाजूच्या नळ्या फुगतात, मागच्या कोरड्याच राहतात. रंग देऊन भिंत हातात धरून बसलात तर दहा मिनिटांत ती रंगवलेल्या बाजूला फुगलेली दिसेल. पण सकाळी वाक उलटा असतो, रंगवलेल्या बाजूला खोलगट. यानेच मी बरेच दिवस गोंधळलो होतो. घडतं असं: समोरच्या नळ्या फुगायला बघतात, पण मागचं कोरडं लाकूड त्यांना मोकळं पसरू देत नाही, म्हणून त्या जागच्या जागी दाबल्या जातात. वाळताना त्या मूळ मापापेक्षाही थोड्या लहान होतात. वर रंगाचा पापुद्राही आकसत असतो. दोन्ही मिळून भिंतीला आपल्याकडे ओढतात.

हे खरं आहे का ते पाहायला मी एका उरलेल्या दीड मिलिमीटरच्या बासवुडच्या फळीतून चार सारखे तुकडे कापले. एक कोरा ठेवला. दुसऱ्याला एका बाजूने रंग. तिसऱ्याला दोन्ही बाजूंनी एकामागोमाग रंग. चौथ्याला आधी दोन्ही बाजूंनी सीलर, म्हणजे लाकडाची छिद्रं बुजवणारा पातळ थर, आणि मग फक्त बाहेरून रंग. चारही तुकडे रात्रभर उभे ठेवले. सकाळी दुसऱ्या तुकड्याखाली मध्यावर तीन मिलिमीटरची फट होती. तिसऱ्यात अर्धा मिलिमीटर. चौथ्यावर स्टीलची पट्टी उभी धरली तर खालून उजेड दिसला नाही. हे तुकडे मी नावं लिहून डब्यात ठेवलेत. नवा रंग किंवा नवा गोंद आणला की अजूनही आधी असेच तुकडे करून बघतो. अर्ध्या तासाचं काम आहे आणि महागडं किट वाचतं.

वाकलेली भिंत सरळ करताना

आधी काय करू नये ते सांगतो. हेअर ड्रायर फिरवू नका. तो एकच बाजू भराभर सुकवतो, म्हणजे जे बिघडवून बसलोय तेच अजून जोरात करतो. भिंत उलट्या दिशेला हाताने वाकवूही नका. बासवुड रेषेवर तडकतं, आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून सुरू झालेली चीर कितीही बुजवली तरी रंगाखालून दिसत राहते.

एका बाजूने रंगवलेली भिंत असेल तर आतल्या कोऱ्या बाजूला तोच रंग, तितकाच पातळ करून, तितकेच हात द्या. बाहेर दोन हात झाले असतील तर आतही दोन. आतला रंग वाळताना आपल्या बाजूला ओढायला लागतो आणि भिंत हळूहळू सपाटीकडे येते. रंग हाताला चिकटेनासा झाला, पण लाकूड अजून बोटाला गार लागतंय, अशा वेळी भिंतीच्या दोन्ही बाजूंना बटर पेपर घालून ती कडाप्प्यावर ठेवा, वर दुसरी सपाट फरशी आणि त्यावर तीन-चार किलो वजन. किमान २४ तास. पावसाळ्यात मी ४८ तास ठेवतो. दिवसातून दोनदा बटर पेपर बदलावा लागतो, तो दमट होतो. प्लॅस्टिकची पिशवी चालणार नाही, ती ओलावा आतच कोंडते. वर्तमानपत्र तर नकोच, शाई रंगावर उमटते. एकदा माझ्या पिवळ्या भिंतीवर सोन्याचे भाव उलटे छापले गेले होते.

गार लागण्याची ती वेळ साधणं हाच यातला खरा हातखंडा आहे. रंग कोरडा ठणठणीत झाल्यावर वजन ठेवलंत तर लाकूड ज्या आकारात बसलंय तिथून हलत नाही. वजनाखाली सपाट दिसतं आणि उचललं की परत जातं. फार ओलं असताना ठेवलंत तर बटर पेपर चिकटतो आणि रंग उपटून निघतो. मी हाताची मागची बाजू भिंतीला लावून पाहतो. बोटाच्या टोकापेक्षा तिथे गारवा लवकर कळतो.

भिंत कोरीच असेल आणि खोक्यातूनच वाकून आली असेल तर उपाय याच्या उलट आहे. खोलगट बाजूला ओलसर फडकं एकदाच फिरवायचं, म्हणजे ती बाजू फुगते. मग वजन. इथे पाण्याचा मोह आवरा. फडकं घट्ट पिळलेलं असावं, पोळ्या झाकायच्या ओल्या फडक्याइतकंच.

मुळात वाकूच नये म्हणून

किटचं खोकं आलं की लगेच जोडायला घेऊ नका. ते कुठल्या तरी कोरड्या हवेत कापून पॅक केलेलं असतं. साठ टक्के आर्द्रतेत लाकडात वजनाच्या सुमारे ११ टक्के पाणी असतं, आणि ८५ टक्क्यांत ते १८ टक्क्यांच्या आसपास जातं. एवढ्या फरकाने रेषा आडव्या असलेली ६० मिलिमीटर उंचीची भिंत एक मिलिमीटरपेक्षाही जास्त उंच होऊ शकते. खोलीच्या हवेत लाकडाचे सगळे पातळ पत्रे सुटे करून तीन-चार दिवस राहू द्या. मी ते स्वयंपाकघरातल्या जुन्या ताटाळ्यात उभे लावतो, ताटं लावतो तसेच. दोन्ही बाजूंना सारखी हवा लागते, आणि रंगाच्या प्रत्येक हातानंतरही वाळवायला तीच जागा. टेबलावर आडवी वाळवलेली भिंत खालून कोंडते आणि वरून सुकते. अर्धा वाक तिथेच येतो. बायकोने नवं ताटाळं घेतल्यावर जुनं मोडीत जाणार होतं, ते मी मागून घेतलं; माझ्या सगळ्या हत्यारांत आज त्याचा नंबर वरचा आहे.

त्यानंतर सीलर. लेझरने कापलेले भाग मूळ पत्र्यात अडकलेले असतानाच, सुटे करण्याआधी, पूर्ण पत्र्याला पुढून आणि मागून सीलर द्या. बारीक भागांना वेगवेगळं धरून रंगवण्याचा त्रास वाचतो, आणि आतली बाजू राहून जात नाही. सीलर पाण्याचा नको. सुतारकामाच्या दुकानात थिनरचं सँडिंग सीलर मिळतं ते चालतं. मला लाखेची चपडी स्पिरिटमध्ये विरघळवून केलेलं पातळ पॉलिश जास्त आवडतं. दोन पातळ हात, मध्ये ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासणं. पहिल्या हातानंतर लाकडाचे तंतू उभे राहतात, ते घासून काढले की पुढचा रंग सायीसारखा बसतो. दोन्ही गोष्टींचा वास आणि वाफ जबरदस्त असते, तेव्हा खिडकी उघडी आणि गॅसची शेगडी लांब.

पावसाच्या ऐन सरीत लाखेचं पॉलिश पांढरट पडतं. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर हवेतलं पाणी बसतं आणि दुधाळ डाग येतात. घाबरून खरवडू नका. उघडीप पडलेल्या दुपारी त्यावर नुसत्या स्पिरिटचा एक ओझरता हात दिला की लाख पुन्हा विरघळते, कोंडलेलं पाणी निघून जातं आणि डाग जातो. डबीतल्या स्प्रे प्रायमरलाही पावसात हाच त्रास होतो, पण तो असा परत विरघळवून सुधारता येत नाही. म्हणून मी जुलै-ऑगस्टमध्ये स्प्रेला हात लावत नाही. त्या दोन महिन्यांत खिडक्या कापणं, कौलं चिकटवणं, झाडं करणं अशी कामं असतातच.

एवढं झाल्यावर अ‍ॅक्रिलिक रंग पाण्याने पातळ केला तरी चालतो, फक्त हात पातळ हवेत. काही जण पाण्याऐवजी आयसोप्रोपिल अल्कोहोल घालतात. चांगला उपाय आहे, पण सगळ्याच बाटल्यांतला रंग ते सोसत नाही, काही रंगांची चक्क दह्यासारखी गुठळी होते. आधी झाकणात थोडं मिसळून बघा. टर्पेंटाइनमध्ये पातळ होणाऱ्या एनॅमल रंगाने लाकूड फुगत नाही, आणि ज्याला वास चालतो त्याने कोऱ्या लाकडावर तोच वापरावा असं माझं स्पष्ट मत आहे. माझ्या घरात लहान मूल आहे म्हणून मी अ‍ॅक्रिलिकवर राहिलो.

आता आधाराच्या पट्ट्या. भिंतीच्या आतून, भिंतीच्या रेषांना काटकोनात, लाकडी पट्ट्या चिकटवायच्या असतात. रेषा आडव्या असतील तर पट्ट्या उभ्या. इथे दोन चुका होतात. पहिली, पट्टी फार बारीक घेतली जाते. दीड मिलिमीटरच्या भिंतीला तीन मिलिमीटर चौरस पट्टी हवी. भिंतीइतकीच जाड पट्टी भिंतीला सरळ ठेवत नाही, तिच्याबरोबर वाकते. दुसरी चूक गोंदाची. फेव्हिकॉल चांगलाच, घराचे कोपरे मी त्यानेच जोडतो, पण त्यात पाणी असतं. सीलर न दिलेल्या भिंतीवर त्याची जाड रेघ ओढून पट्टी बसवली की त्या रेघेवर भिंत आत ओढली जाते, आणि बाहेरून बरगड्या मोजता याव्यात तशी दिसते. सीलर दिलेल्या भिंतीवर जिथे पट्टी बसणार तेवढीच जागा पॉलिश पेपरने खरखरीत करायची, टूथपिकने गोंद पसरायचा, आणि बाहेर आलेला थेंब लगेच टिपायचा.

दरवाजे-खिडक्यांच्या चौकटी, ज्यांच्या मागे चिकट थर आणि कागद असतो, त्यांना मागून काहीच देता येत नाही. त्या कागद न काढता पुढूनच रंगवा, वाळल्यावर सोलून चिकटवा. इतक्या बारीक असतात की भिंतीवर बसल्या की भिंतीचंच ऐकतात.

एमडीएफ आणि पुठ्ठा

आपल्या कोकणी घरांची किट बाजारात सहसा मिळत नाहीत. जांभ्याच्या भिंती आणि मंगलोरी कौलांचं घर हवं असेल तर स्वतः नकाशा काढून नावाच्या पाट्या करणाऱ्या लेझरवाल्याकडून दोन मिलिमीटर एमडीएफमधून कापून घ्यावं लागतं. एमडीएफला रेषा नसतात, म्हणून ते परातीसारखं वाकतं. त्याचं तोंड म्हणजे कापलेली कड. सपाट बाजू त्या मानाने घट्ट दाबलेली असते, पण कड स्पंजसारखी पाणी ओढते आणि फुगून जाड होते, मग कोपऱ्यात मापच बसत नाही. तेव्हा सीलर आधी कडांना, दोनदा, मग दोन्ही बाजूंना. लेझरने जळलेली काळी काजळी कडेवरून पॉलिश पेपरने काढून टाका. ती राहिली तर फिकट रंगातून तपकिरी डाग वर येतो आणि तिच्यावर गोंदही नीट धरत नाही.

इंग्लंडमधली छापील पुठ्ठ्याची किट वेगळ्या प्रकारची. विटा, दगड सगळं छापलेलं असतं, रंगवायचं काहीच नसतं, फक्त कापलेल्या पांढऱ्या-करड्या कडा रंगीत पेन्सिलीने किंवा स्केचपेनने झाकायच्या. म्हणजे इथे वाक येतो तो निव्वळ गोंदाने. दोन पुठ्ठे एकमेकांवर चिकटवायचे असतील तर गोंद एका पुठ्ठ्यावर, जुन्या एटीएम कार्डाने खरवडून अगदी पातळ पसरा आणि लगेच वजनाखाली घाला. शक्य तिथे थर तीन ठेवा, मधला जाड आणि दोन्ही बाजूंचे सारखे. प्लायवूडमध्ये थर विषम असतात ते याचसाठी, दोन्हीकडून ओढ सारखी.

प्लॅस्टिकची भिंत वाकली तर

जर्मन किट, म्हणजे फालर, फोलमर, आउहागेन यांची घरं पॉलिस्टायरीनची. हे प्लॅस्टिक पाणी पीत नाही, तेव्हा दोन्ही बाजूंनी रंगवण्याची गरज नाही. पीळ पडतो तो साच्यातून निघताना, उन्हात तापलेल्या खोक्यात, किंवा आत लावलेल्या जुन्या पद्धतीच्या तारेच्या बल्बच्या उष्णतेने. बल्ब छपराला टेकून असेल तर छपरालाही खळगा पडतो. एलईडी वापरा आणि तोही छतापासून दूर.

पीळ काढायला पाणी उकळून गॅस बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा, मग भिंत सांडशीत धरून अर्धा मिनिट बुडवा. मऊ झाली की कडाप्प्यावर ठेवून वर काच दाबा आणि गार होऊ द्या. खळखळत्या पाण्यात मात्र कधीच नाही. पॉलिस्टायरीन शंभर अंशांच्या सुमाराला मऊ पडतं, आणि मग विटांची नक्षीही पुसट होते. खिडक्यांच्या पारदर्शक काचा आधी काढून ठेवा.

प्लॅस्टिकमधला सगळ्यात फसवा वाक मात्र काही महिन्यांनी येतो. भिंत मजबूत व्हावी म्हणून मागून प्लॅस्टिकचा दुसरा पत्रा द्रावणाने चिकटवला, काम सुंदर झालं, आणि पुढच्या वर्षी भिंत आत ओढलेली. दोन पत्र्यांच्या मध्ये द्रावण कोंडतं, त्याला बाहेर पडायला वाट नसते, ते महिनोन्महिने प्लॅस्टिक मऊ ठेवतं आणि हळूहळू आकसवतं. यावर उपाय अगदी सोपा आहे. मागच्या पत्र्याला चिकटवण्याआधीच दर सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरवर दोन मिलिमीटरची भोकं पाडायची, आणि द्रावण फक्त कडांवर आणि भोकांतून द्यायचं. वाफ भोकांतून निघून जाते. द्रावण ब्रशभर ओतू नका. जोड ओला दिसेल इतपतच पुरतं.

घर जोडून झाल्यावर वाक दिसला तर

हे सगळ्यात जास्त विचारलं जातं. चार भिंती जोडल्या, छप्पर बसवलं, आणि आता लांब भिंतीला पोट आलंय. छप्पर पक्कं चिकटवलं नसेल तर काम सोपं आहे. आत पहिल्या मजल्याच्या उंचीवर एक आडवी फळी, चारही बाजूंना नेमकी बसेल अशी कापून, बसवा. बाहेर गेलेली भिंत तिच्यावर आत ओढून चिकटवता येते, आत गेलेली भिंत तिच्या धक्क्याने बाहेर येते. फळी काळी रंगवली तर वरच्या आणि खालच्या मजल्यांचा उजेडही वेगळा राहतो, एका खिडकीत दिवा आणि दुसरीत अंधार असं खरं दिसतं. फळी बसवण्यापूर्वी भिंतीच्या आतल्या बाजूला राहिलेला रंगाचा हात देऊन घ्या आणि रबरबँडने घर दोन दिवस बांधून ठेवा. रबरबँड आणि भिंतीच्या मध्ये कोपऱ्यांवर पुठ्ठ्याचे तुकडे घाला, नाहीतर कोपऱ्यांवर वळ उठतात.

छप्पर चिकटलेलं असेल तर तळ उघडा. बहुतेक घरांना तळाचा पत्रा वेगळा असतो आणि गोंदाच्या तीन-चार ठिपक्यांवर बसलेला असतो. पातळ पात्याने तो सोडवून आतून लांब दांड्याच्या ब्रशने रंग देता येतो. या कारणासाठी मी आता कुठलंच छप्पर कायमचं चिकटवत नाही. आतून दोन पट्ट्यांच्या खोबणीत ते नुसतं बसतं. दर वर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक घराच्या लांब भिंतीला स्टीलची पट्टी उभी आणि आडवी लावून पाहतो. पट्टीखालून उजेड दिसला की छप्पर उचलायचं आणि आतून एक पातळ हात द्यायचा.